पट्टीखालचा हात

धम्मरत्न गजभिये गुरुजींनी कापडी पिशवीतून एक दगड काढला आणि वैष्णवीच्या टेबलावर ठेवला. मूठभर आकाराचा, काळा. त्याला गुंडाळलेल्या कागदावर तीनच शब्द होते : करंट देऊन मारलं.

"काल दिवसाउजेडी खिडकीतून आला," गुरुजी म्हणाले. "मैत्रेयी बाजूलेच बसली होती. काच सगळी अंगावर उडाली, पण पोरगी हलली नाही. त्याचंच भेव वाटून राह्यलं मले."

पूनमसिंग आडेनं दगड उचलून हातात तोलला. बत्तीस वर्षं हवालदारकी केलेला हा गडी आता यवतमाळात वैष्णवी देशट्टीवारच्या ऑफिसात होता. जीप चालवायची, चहा सांगायचा आणि प्रकरण उलगडलं की 'मले वाटतच होतं' म्हणायचं, एवढी त्याची कामं. वैष्णवीनं अकरा वर्षं एका विमा कंपनीसाठी खोटे अपघात हुडकले होते. आता ती खासगी तपास घ्यायची. बाई कमी बोलायची. पूनमसिंगला ते मानवत नसे, म्हणून दोघांच्या वाटचं तो एकटाच बोलायचा.

"बयाजवार सांगा, गुरुजी, पहिल्यापासून," वैष्णवी म्हणाली.

गुरुजी राजूरच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. मुलगी मैत्रेयी भूलतज्ज्ञ, डॉक्टर इंद्रजित मोहोडांच्या, हाताच्या शस्त्रक्रियांसाठीच असलेल्या दवाखान्यात. तीन दिवसांपूर्वी दारव्ह्याकडच्या तांड्यावरून फुलचंद राठोड नावाचा माणूस तिथं आला. सोयाबीन काढताना उजवा हात थ्रेशरमध्ये गेलेला. मैत्रेयीनं काखेत सुई देऊन हातापुरती भूल दिली आणि अर्ध्या तासानं तो झटके येऊन मेला.

"सारे म्हणतात सुई रक्तात गेली, पोरीच्या चुकीनं गेला. उद्या अकराले चौकशी समिती बसते. फौजदारही येणार हाय. समितीनं हिचं नाव घेतलं, का तिथूनच नेतील तिले."

"तुम्हाले काय वाटते?"

"मी गणिताचा माणूस, बाई. मले वाटत काही नाही. उत्तर पायजे."

दवाखान्याच्या फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली, तांड्यावरची तीसेक माणसं बसली होती. घोषणा नाहीत, शिव्या नाहीत. जीप आत शिरली तशा साऱ्या माना एकदम वळल्या. ओरडणाऱ्या जमावाला पूनमसिंग आयुष्यभर कधी भ्याला नव्हता. पण ही गप्प बसलेली माणसं पाहून त्यानं हॉर्नवरचा हात काढला. त्यातले दोघं तर त्याच्या दूरच्या नात्यातले निघाले, आणि त्यांनीही रामराम घातला नाही.

मैत्रेयी भूल द्यायच्या खोलीत उभी होती. कपाळावर काचेचा ओरखडा, डोळे कोरडे.

"इथं आम्ही एक अभ्यास करत होतो," तिनं सांगितलं. "हाताकडे जाणारी नस सुईनं शोधायच्या दोन पद्धती आहेत. एकीत सुईतून अगदी बारीक करंट सोडतात. सुई नसेजवळ पोचली की हात आपोआप उडतो, मग तिथं औषध द्यायचं. दुसरीत सोनोग्राफी लावून नस पडद्यावर पाहायची. कुठल्या पद्धतीनं हात लवकर आणि पुरता बधिर होतो, ते तपासायचं होतं. कुणाला कुठली, ते बंद लिफाफा ठरवतो. फुलचंदचा लिफाफा करंटचा निघाला."

"म्हणून त्या दगडाच्या कागदावर करंट लिहिला हाय होय?" पूनमसिंग म्हणाला.

"त्या करंटनं मुंगीही मरत नाही, काका."

"हात उडाला?" वैष्णवीनं विचारलं.

"मनगट उडालं, अंगठा उडाला. मनगटापासून बाकी बोटं दारव्ह्याच्या सरकारी दवाखान्यात बांधलेल्या पट्टीत होती, ती मी उघडली नाही. दहा वाजून पाच मिनिटांनी औषध दिलं. वजन चव्वेचाळीस किलो, त्या बेतानं मोजून. दर वेळी सुई मागे ओढून पाहिली, रक्त आलं नाही. सुई रक्तात गेली असती तर माझ्या हातात सुई असतानाच झटका आला असता, फार तर मिनिटभरात. हा तर मला म्हणाला, डाक्टरीनबाई, पेरणीपर्यंत हात बरा होईन ना?" तिनं घोटभर पाणी घेतलं. "मग मी दुसऱ्या पेशंटकडे गेले. तीस मिनिटं थांबायचं असतं. दर पाच मिनिटांनी डॉक्टर नयन तपासतात."

"सलाईन कोणत्या हाताले?"

"डाव्या. जखमी हाताला कोणी लावत नाही."

"आणि झटका?"

"दहा अडतीसला. मी धावत आले, माझ्या मागोमाग मोहोड सर, आणि दारापर्यंत नयनही. मी मोठ्यानं विचारलं, याला आणखी काही औषध दिलंय का? सर म्हणाले, नाही, कोणी काही दिलेलं नाही. एवढ्या उशिरानं माझ्या औषधाचा त्रास होईल असं वाटेना. मी साखर पाहिली, ईसीजी काढला. यात सात मिनिटं गेली. या औषधाचा उतारा त्या कपाटात असतो, तो मग दिला. पण तोवर संपलं होतं."

वैष्णवीनं त्या कपाटापासून पलंगापर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं. चार पावलं भरली.

डॉक्टर नयन काळमेघ हा तिशीचा, चष्म्याआड सतत डोळे मिचकावणारा माणूस. त्यानं आपला तक्ता समोर धरला.

"मला कुठली पद्धत वापरली ते कळू नये म्हणून सगळ्यांनाच काखेत सोनोग्राफीची जेली आणि खांद्याला करंटचा स्टिकर लावतात. मी बोटांपुरती पट्टी सोडतो, स्पिरिटचा गार बोळा प्रत्येक बोटाला लावतो. गार लागलं तर दोन, कमी लागलं तर एक, नाही लागलं तर शून्य."

"फुलचंदचे आकडे पुरे आहेत?"

"पाच बोटं, सहा वेळा. तीसही आकडे आहेत. पाहा ना."

तक्ता खरोखरच नेटका होता. पूनमसिंगला असं अक्षर असलेल्या माणसाबद्दल उगाच आदर वाटायचा.

त्या सकाळी ड्युटीवर असलेल्या रुखमाबाई सिस्टर हात धुवत होत्या. वैष्णवीनं पाच प्रश्न विचारले. बाईंनी पाचही वेळा "मी नाही पाह्यलं जी" म्हटलं आणि नळ काही बंद केला नाही.

"बाईचे हात साफ हायेत तरी धुऊन राह्यली," बाहेर आल्यावर पूनमसिंग कुजबुजला.

"हं," वैष्णवी म्हणाली.

डॉक्टर इंद्रजित मोहोडांनी त्यांना खुर्च्या दिल्या, चहा मागवला. पन्नाशीचा देखणा माणूस, आवाज भारदस्त. भिंतीवर शिवून दिलेल्या हातांचे फोटो.

"मैत्रेयी गुणी मुलगी आहे. पण सुईवर डोळा नसला की असं होतं. म्हणूनच तर सोनोग्राफी हवी. डिसेंबरात मी हा अभ्यास परिषदेत मांडणार होतो. आता कसलं काय!"

"तुम्ही त्या वेळी कुठं होतात?"

"इथंच, या खुर्चीत. अडतीसला आरडाओरडा ऐकून धावलो. त्याआधी पेशंटला पाहिलंही नव्हतं. ड्युटी डॉक्टरनं पट्टीसकटच भरती केला होता. थेट टेबलावर घेऊन हात उघडायचा, असा बेत होता."

"मग पट्टी कोणी उघडली?"

"कोणीच नाही. तो पट्टीसकटच गेला, शवविच्छेदनाला तसाच पाठवला." डॉक्टरांनी रुमालानं डोळे पुसले. "वाईट वाटतं हो. करंगळी बिचाऱ्याची आधीचीच नव्हती, त्यात ही दोन बोटं चिरडली. मी ती वाचवली असती. नक्की वाचवली असती."

एवढा मोठा डॉक्टर आणि गरिबासाठी डोळ्यांत पाणी, हे पूनमसिंगला फार भावलं. जिन्यात त्यानं तसं बोलूनही दाखवलं. वैष्णवी दोन पायऱ्या उतरून थांबली, मागं वळून बंद दाराकडे बघत राहिली आणि मग पुन्हा उतरू लागली.

सुखीबाई, फुलचंदची बायको, कडुनिंबाच्या बुंध्याला टेकून बसली होती. तिला मराठी कळायचं, पण दुःखात तिच्या तोंडून बंजाऱ्यांची गोर बोलीच निघत होती. पूनमसिंग तिच्यासमोर मातीत बसला आणि त्याच बोलीत बोलला, तेव्हा कुठं तिनं मान वर केली. तिचं बोलणं तो वैष्णवीला मराठीत सांगत गेला.

"सुई दिल्यावर ते चांगले बोलत होते म्हणते. ही पडद्याबाहेर स्टुलावर होती. मग कारकून आला, कागदावर अंगठा पायजे म्हणून हिले खाली घेऊन गेला. साडेदहाले ही परत आली, तं ते ओठ चाटून राह्यले होते. तोंडात लोखंडासारखं लागते म्हणे. कानात भुंगे शिरले म्हणे. हिनं सिस्टरले सांगतलं. सिस्टर म्हणे, होते तसं."

"खाली जायच्या आधी तिथं चष्मेवाले डॉक्टर बोटं तपासायले आले होते?"

सुखीबाईनं नाही म्हणून मान हलवली. एकजण दारातून डोकावला, त्याला कोणीतरी हाक मारली आणि तो गेला, एवढं तिला आठवत होतं. हाक कोणाची, ते तिला सांगता येईना.

"हातात काय हाय, बाई?"

तिच्या मांडीवरच्या पिशवीत मोठं पिवळं पाकीट होतं. दारव्ह्याला काढलेला हाताचा एक्स-रे. पाकिटाची चिकटपट्टी तशीच होती.

"दवाखान्यात दिला नाही?"

"कोणी मागतलाच नाही म्हणते," पूनमसिंग म्हणाला.

तिची परवानगी घेऊन वैष्णवीनं पाकीट फोडलं आणि फिल्म उन्हाकडे धरली. पूनमसिंगही डोकावला. अंगठा, दोन चिरडलेली बोटं, एक धडधाकट. करंगळीच्या जागी हाडाचा बुटका ठोंब. लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात गेली होती, सुखीबाईनं सांगितलं.

"तं काय झालं?" पूनमसिंग म्हणाला. "जुनी गोष्ट हाय ते."

वैष्णवीनं फिल्म पाकिटात घालून सुखीबाईच्या हातात परत दिली. "बाई, हे उद्या सोबत आणा. कोणाच्याच हाती देऊ नका."

परत येताना जीपसमोर तांड्यावरचे चौघं आडवे उभे राहिले. त्यांच्यातला म्हातारा काचेजवळ वाकून गोर बोलीत हळू आवाजात काही बोलला आणि बाजूला झाला.

"काय म्हणाला?" वैष्णवीनं विचारलं.

"म्हणे, पूनम्या, उद्या खोटं ठरलं तं आमी घरी जाणार नाही." पूनमसिंगनं गिअर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता शवविच्छेदनाचा अहवाल पोलिसांकडे आला. पूनमसिंगच्या जुन्या ओळखी कामी आल्या; साडेनऊला तो मजकूर वहीत उतरवून ऑफिसात हजर झाला.

"काखेत सुईची एक खूण. पट्टीखाली उजव्या मनगटावर दोन. सलाईनच्या असतीन."

"कोणत्या हाताले होतं सलाईन?"

"डाव्या," पूनमसिंग म्हणाला, आणि त्या दोन खुणांखाली त्यानं रेघ मारली.

समितीच्या खोलीत तीन बाहेरचे डॉक्टर बसले होते, शेजारी फौजदार. एका बाजूला मोहोड, नयन, रुखमाबाई. दुसऱ्या बाजूला मैत्रेयी आणि गुरुजी. सुखीबाई दाराजवळ जमिनीवर बसली, खुर्ची देऊनही. खिडकीतून खालची माणसं दिसत होती. आज ती साठेक होती, आणि उभी होती.

"मले पंधरा मिनिटं द्या," वैष्णवी म्हणाली. "सुरुवात या तक्त्यापासून. डॉक्टर नयन, यात तीस आकडे आहेत. पाच बोटं, सहा वेळा. बरोबर?"

"बरोबर."

"फुलचंदच्या त्या हाताले करंगळी नव्हती. लहानपणीच गेली होती. मग करंगळीपुढचे सहा आकडे कोणाचे?"

गुरुजी खालमानेनं, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "चोवीस पायजेत."

नयनच्या चष्म्यावर घाम आला. "मी... मी तपासलं नाही. आत जातच होतो, तर सरांनी हाक मारली. मागच्या महिन्याची सोनोग्राफीची चित्रं तातडीनं लावून दे म्हणाले, रेकॉर्डच्या खोलीत पाठवलं. तो गेल्यावर मी घाबरलो. आदल्या पेशंटचे आकडे उतरवले."

"याचा अर्थ असा," वैष्णवी म्हणाली, "की नयन डॉक्टरांनी हात पाह्यलाच नाही. मैत्रेयीनं पट्टी उघडली नाही. एक्स-रे सुखीबाईच्या पिशवीत, चिकटपट्टीसकट. या दवाखान्यात त्या हाताची करंगळी नाही हे कोणालेच कळायचं कारण नव्हतं. तरी काल दुपारी एका माणसानं मले सांगितलं, करंगळी बिचाऱ्याची आधीचीच नव्हती."

कालचे ते पुसलेले डोळे पूनमसिंगला आठवले, आणि जिन्यातलं आपलं बोलणंही. त्याला स्वतःचीच शरम वाटली.

मोहोड हसले. "अहो, अहवालात वाचलं असेल मी."

"अहवाल आज नऊले आला. तुम्ही काल बोललात."

"मग पेशंटच म्हणाला असेल."

"तुम्ही त्याले पाह्यलंच नव्हतं. तुमचेच शब्द."

वैष्णवीनं पूनमसिंगची वही उघडली.

"मनगटावर सुईच्या दोन खुणा, पट्टीच्या खाली. म्हणजे कोणीतरी पट्टी सोडली, टोचलं आणि पुन्हा बांधली. सुखीबाईले अंगठ्यासाठी खाली नेलं आणि नयनले चित्रांपायी पाठवलं, तेव्हा. ती परत आली तं नवऱ्याच्या तोंडात लोखंडाची चव, कानात भुंगे." ती समितीकडे वळली. "हे कशाचं लक्षण, ते तुम्हाले माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक हाय."

मधले वयस्क डॉक्टर सावकाश म्हणाले, "औषध अंगात जास्त झाल्याचं."

"मैत्रेयीनं चव्वेचाळीस किलोच्या हिशेबानं दिलं होतं, काठापर्यंत. वरून कोणी आणखी दिलं, तर ते सांडणारच. आता शेवटची गोष्ट. झटका आला तेव्हा पोरीनं विचारलं, आणखी काही दिलंय का? मोहोड सर म्हणाले, कोणी काही दिलेलं नाही. डॉक्टरसाहेब, तुम्ही तं तुमच्या खोलीतून तेव्हाच धावत आलते. मागच्या अर्ध्या तासात कोणी काही दिलं नाही, हे तुम्ही कोणाले न विचारता कसं सांगितलं?"

"हा सगळा तर्क आहे," मोहोड म्हणाले, पण आवाजातला भारदस्तपणा गेला होता. "पुरावा काय?"

"म्या भरून देल्ली सिरिंज."

साऱ्यांनी वळून पाहिलं. रुखमाबाई उभ्या राहिल्या होत्या. हात पदरात गुंडाळलेले.

"सर म्हणाले, करंटवाल्याले वेळ लागते, माझी ऑपरेशनची यादी लांबते, मनगटात भुलीचे दोन टोचून मोकळं करू. नेहमीच करत. या अभ्यासातल्या बारा जणाले असंच देल्लं. काही झालं नव्हतं कधी. ह्यो माणूस वाळलेला होता जी. म्या म्हणलंही, सर, लय बारीक हाय हा." बाई रडू लागल्या. "कानात भुंगे म्हणला तवा मले समजलं होतं. म्या तोंड नाही उघडलं. माह्या तोंडाले कुलूप लागलं होतं."

वयस्क डॉक्टरांनी समोरचे तक्ते बंद केले. "म्हणजे हा सगळा अभ्यासच खोटा. ज्यांना वरून टोचलं, त्यांना गाळावं लागलं असतं."

"ते उघड होऊ नये म्हणून तर 'नाही' म्हटलं," वैष्णवी म्हणाली. "झटका आला तेव्हा तक्ता भरणारा नयन दारात पोचला होता, त्याच्या देखत कबूल करायचं कसं? त्यांनी 'हो' म्हटलं असतं, तं उतारा चार पावलांवर होता."

मैत्रेयी इतका वेळ दगडासारखी बसली होती. आता तिनं मोहोडांकडे पाहिलं. "सात मिनिटं, सर," ती म्हणाली. "मी त्याच्या छातीवर हात ठेवून तुम्हाला विचारलं होतं." आणि मग चार दिवसांत पहिल्यांदा ती रडली, बापाच्या खांद्यावर डोकं टाकून, लहान पोरीसारखी हमसून हमसून. गुरुजींनी तिच्या केसांतला काचेचा एक कण अलगद काढला.

सुखीबाईनं पूनमसिंगला जवळ बोलावलं. गोर बोलीत तिनं दोनच गोष्टी विचारल्या. त्या पोरीनं खरंच विचारलं होतं का? आणि हा माणूस नाही म्हणाला?

"विचारलं, याडी," पूनमसिंग म्हणाला. वयानं ती त्याच्या लेकीएवढी होती, तरी त्याच्या तोंडून आईच निघालं. "आणि हा नाही म्हणाला."

ती उठली. आधी मैत्रेयीजवळ गेली. पोलिसांत दिलेल्या तक्रारीवर उमटवलेल्या अंगठ्याची शाई अजून पुसट दिसत होती. त्याच हातानं तिनं मैत्रेयीच्या कपाळावरचा ओरखडा चाचपला. मग टेबलाला वळसा घालून मोहोडांसमोर उभी राहिली. फौजदार सावध झाला, पण पूनमसिंगनं त्याला हातानंच थांबवलं.

तिनं पिशवीतून पिवळं पाकीट काढलं आणि डॉक्टरांपुढे ठेवलं.

"चार दिस घेऊन बसली मी," ती मराठीत म्हणाली. "आता तरी पाहा, डाक्टर."

मोहोडांनी पाकिटाला हात लावला नाही. ती मात्र तिथून हलेना. शेवटी वयस्क डॉक्टरांनी फिल्म काढून खिडकीच्या उजेडाला धरली, आणि खाली उभ्या असलेल्या साठ माणसांनी वर पाहिलं.